पत्र खरें कशावरून?

पत्र हातीं आलें कीं वाचणाराच्या मनांत दोन शंका उभ्या राहतात. ज्याच्या नांवाचें हें पत्र आहे त्यानेंच तें लिहिलें काय, ही एक. आणि त्यानें लिहिलें तसेंच तें येथवर पोंचलें काय, ही दुसरी. दोन्ही शंका वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांची जात निराळी आहे; आणि महाराष्ट्राच्या इतिहासानें या दोहोंनाहि एकेक कायमचें नांव देऊन ठेविलें आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनीं गारद्यांना नारायणरावांस 'धरावें' असें लिहून दिलें होतें आणि आनंदीबाईंनीं त्यांतल्या 'ध'चा 'मा' केला, ही कथा घरोघर ठाऊक आहे. कागदोपत्रीं ती सिद्ध झालेली नाहीं. तथापि ती अडीचशें वर्षें लोकांच्या तोंडीं टिकली, याचें कारण तिच्यांतली भीति खरी आहे. एक अक्षर फिरलें कीं हुकूम फिरतो. दुसऱ्या शंकेचें नांव तोतया. पानिपतावर १७६१ सालीं पडलेल्या सदाशिवरावभाऊंचें नांव घेऊन एक मनुष्य उभा राहिला. अनेक जाणत्यांनीं त्यास खरा भाऊ मानिलें, कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि १७७६ सालीं पुण्यास त्याला देहांत शासन झालें तेव्हां कोठें तें प्रकरण मिटलें.

जुन्या दप्तरांत या दोन्ही शंकांवर तोडगे होते. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे. तो पत्र कोणाचें तें सांगे. मजकूर संपला तेथें मोर्तब होई, म्हणजे पुढें कोणी एखादी ओळ घुसडूं नये. शिवाय चिटणिसाचें वळण ओळखीचें असे, पत्र आणणारा जासूद ओळखीचा असे. 'सही' हा शब्दच मुळीं या व्यवहारांतून आला आहे. तो अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ नांव लिहिणें असा नसून 'बरोबर, खरें' असा आहे. कागद तपासून पाहणारानें त्यावर मारलेला तो शेरा होता. सही करणें आणि पारखणें या दोन क्रिया पूर्वीं एकाच शब्दांत नांदत होत्या, हें पुढील इतिहास समजून घेतांना ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ई-मेलच्या पत्राला यांतलें कांहींच मिळालें नाहीं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील मनुष्यास निरोप धाडला आणि नांव व ठिकाण यांच्यामध्यें आज सर्वांस परिचित असलेलें तें वेटोळें चिन्ह घातलें. ऑगस्ट १९८२ मध्यें जोनाथन पोस्टेल यांनीं या टपालाचे नियम लिहून प्रसिद्ध केले. त्या नियमांप्रमाणें पत्र घेणारा संगणक पाठविणाऱ्यास एवढेंच विचारतो, कीं पत्र कोणाकडून म्हणून लिहूं? जें नांव सांगावें तें लिहिलें जातें. टपालपेटींत टाकावयाच्या पाकिटाच्या पाठीवर कोणाचेंहि नांव घालतां येतें, त्यांतलाच हा प्रकार. मात्र येथें हस्ताक्षर नाहीं, कागद नाहीं, गांवचा शिक्का नाहीं. त्या काळीं हें जाळें थोड्या विद्यापीठांचें आणि प्रयोगशाळांचें होतें, बहुतेक माणसें एकमेकांस ओळखत होतीं, आणि म्हणून ही उणीव कोणास जाचली नाहीं. वाडा लहान असेतोंवर दाराला कडी लागत नाहीं.

वस्तुतः उणिवेवरचा उपाय नियमांच्या आधींच निघाला होता. नोव्हेंबर १९७६ मध्यें व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. तोंवर गुप्त लेखनाचा सारा व्यवहार एका किल्लीचा होता: कुलूप लावणारा आणि उघडणारा यांच्याजवळ एकच किल्ली, आणि ती आधीं गुपचूप एकमेकांस पोंचवावयाची. या दोघांनीं दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. एक खासगी, ती कोणास द्यावयाची नाहीं. दुसरी जाहीर, ती साऱ्या जगास द्यावयाची. एकीनें जें बंद होईल तें दुसरीनेंच उघडेल. आणि यांतूनच सहीची युक्ति निघाली. खासगी किल्ली ज्या अर्थीं एकाच मनुष्याजवळ आहे, त्या अर्थीं तिनें केलेली खूण त्याच्यावांचून कोणास करतां येणार नाहीं. आणि जाहीर किल्ली ज्या अर्थीं सर्वांजवळ आहे, त्या अर्थीं ती खूण कोणालाहि तपासतां येईल.

कल्पना होती, पण ती अमलांत आणणारें गणित नव्हतें. तें १९७७ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांतील रॉन रिव्हेस्ट, आदि शमीर आणि लेनर्ड ॲडलमन या तिघांना सांपडलें. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणें सोपें, परंतु तो गुणाकार हातीं घेऊन त्या दोन संख्या शोधून काढणें अतिशय अवघड, या साध्या गोष्टीवर त्यांची रीति उभी आहे. फेब्रुवारी १९७८ मध्यें त्यांचा निबंध छापून आला. त्याच्या मथळ्यांत सहीचा उल्लेख आधीं आहे आणि गुप्ततेचा मागाहून. इतकेंच नव्हे तर निबंधाच्या आरंभींच त्यांनीं विजेवर चालणाऱ्या टपालाचें युग येऊं घातल्याचें सांगून, कागदी पत्राचे दोन गुण, म्हणजे खासगीपणा आणि सही, नव्या टपालांतहि राहिले पाहिजेत असें म्हटलें आहे. ज्या टपालाचे नियम अद्याप लिहिले जावयाचे होते, त्याच्यासाठीं मोर्तब आधींच घडवून तयार होतें. नियम लिहिले गेले तेव्हां मात्र तें त्यांत बसविलें गेलें नाहीं.

ही सही दिसते कशी, असें कोणी विचारील तर ती दिसण्याची वस्तूच नव्हे. कागदावर सही करून तिचें छायाचित्र पत्राखालीं चिकटविणें ही डिजिटल सही नव्हे. तें चित्र कोणीहि उचलून दुसरीकडे चिकटवूं शकतो. खऱ्या प्रकारांत प्रथम साऱ्या मजकुराचा एक सारांक काढतात. हल्लीं प्रचारांत असलेल्या एका रीतीनें पत्र चार ओळींचें असो वा चारशें पानांचें, सारांक नेहमीं ६४ अक्षरांचा येतो; आणि मजकुरांत एक काना जरी इकडचा तिकडे झाला तरी तो सबंध पालटतो. या सारांकावर पाठविणारा आपली खासगी किल्ली चालवितो, आणि जो आंकडा निघतो ती सही. पत्र घेणाराचा प्रोग्रॅम आलेल्या मजकुराचा सारांक स्वतः काढतो, जाहीर किल्लीनें सही उघडून आंतला सारांक पाहतो, आणि दोन्ही ताडून बघतो. जुळले तर अक्षर न् अक्षर शाबूत आहे. 'ध'चा 'मा' येथें होऊं शकत नाहीं. झाला तर लपूं शकत नाहीं. १९७८ च्या त्या गणिताच्या १२९ आंकड्यांच्या एका नमुन्याचा भेद १९९४ सालीं सुमारें सहाशें स्वयंसेवकांनीं आठ महिने आपले संगणक जुंपून केला हें खरें. परंतु नंतर सर्रास वापरांत आलेली संख्या ६१७ आंकडी आहे, आणि तिच्या वाटेस कोणी गेलेलें नाहीं.

एका शंकेचा असा निकाल लागला. तोतयाची शंका मात्र होती तेथेंच राहिली, किंबहुना ती एक पायरी वर सरकली. प्रोग्रॅम सांगतो कीं ही सही या किल्लीची आहे. किल्ली कोणाची, हें तो कशावरून सांगणार? किल्ली म्हणजे एक आंकडा. आणि आंकड्यावर नांव लिहिण्याचें काम कोणीहि करूं शकतो. डिफी आणि हेलमन यांच्या मनांत टेलिफोनच्या यादीसारखें किल्ल्यांचें एक जाहीर पुस्तक होतें. १९७८ सालीं लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्यानें आपल्या पदवीच्या प्रबंधांत त्याहून सोयीची तोड काढली: प्रत्येक किल्लीबरोबर तिच्या मालकाचें नांव लिहून त्या जोडीवर एका विश्वासू अधिकाऱ्यानें आपली सही करावी. हेंच प्रमाणपत्र. पुढील सारा इतिहास, हा अधिकारी कोण असावा, या वादाचा आहे.

एक पक्ष म्हणाला, अधिकारी वरून नेमावा. १९८८ सालीं प्रमाणपत्राचा एक आंतरराष्ट्रीय नमुना ठरला. १९९३ सालीं ई-मेलसाठीं एक सबंध योजना प्रसिद्ध झाली, तींत साऱ्या जगाच्या किल्ल्या एकाच मूळ संस्थेपासून खालीं उतरत यावयाच्या होत्या. ही वंशावळ कागदावर फार सुंदर दिसत होती. ती कागदावरच राहिली, कारण जगाचें एकमत होईल असा एक मूळपुरुष सांपडेना. मग तीच कल्पना थोडी सैल करून, अनेक मूळ संस्था मान्य करणारी दुसरी पद्धति १९९५ नंतर पुढें आली. एस्-माइम या नांवानें ती मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्यें, ॲपलच्या टपाल-प्रोग्रॅममध्यें आणि मोझिलाच्या थंडरबर्डमध्यें बसविली गेली, आणि आजहि आहे.

दुसऱ्या पक्षाचा मूळ पुरुष एकच आणि तोहि बंडखोर. फिल झिमरमन हे अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत राहणारे, अण्वस्त्रांविरुद्धच्या चळवळींत वावरलेले प्रोग्रॅमकार. १९९१ सालीं तेथील सेनेटपुढें आलेल्या एका विधेयकामुळें सरकारला वाचतां येणार नाहीं असें लेखन बेकायदा ठरेल, अशी धास्ती निर्माण झाली. कायदा होण्यापूर्वीं साधन लोकांच्या हातीं जावें म्हणून त्यांनीं आपला पी. जी. पी. नांवाचा प्रोग्रॅम घाईनें पुरा केला, आणि जून १९९१ मध्यें तो फुकट वांटला गेला. तो जाळ्यावरून परदेशीं जाण्यास वेळ लागला नाहीं. अमेरिकेंत त्या वेळीं असल्या गणिताची गणना दारूगोळ्यांत होत असे. १९९३ सालीं निर्यातबंदी मोडल्याबद्दल त्यांची चौकशी सुरू झाली. ती जानेवारी १९९६ मध्यें खटला न भरतांच सोडून देण्यांत आली. मधल्या काळांत, १९९५ सालीं, त्या प्रोग्रॅमचा सारा मजकूर तंत्रविद्यापीठाच्या छापखान्यानें पुस्तकरूपानें छापून टाकला. प्रोग्रॅम परदेशीं नेणें गुन्हा, परंतु पुस्तक नेण्यास बंदी नाहीं! पुढें १९९७ सालीं नव्या आवृत्तीचीं अशींच छापलेलीं पानें नॉर्वेमध्यें यंत्रानें वाचून त्यांचा पुन्हां प्रोग्रॅम करण्यांत आला.

झिमरमन यांचें म्हणणें असें, कीं अधिकारी नकोच. माणसांनींच एकमेकांची ओळख पटवावी. एकाची किल्ली दुसऱ्यानें प्रत्यक्ष भेटून पाहावी आणि 'ही त्याचीच' म्हणून तिच्यावर आपली सही करावी. तिसरा दुसऱ्यास ओळखत असेल तर त्यानें त्या शब्दावर विसंबावें. याला त्यांनीं विश्वासाचें जाळें म्हटलें. सोयरीक जुळवितांना आपल्याकडे 'त्यांना ओळखणारें आपल्यांतलें कोण आहे' असें विचारतात, त्याच जातीचा हा मार्ग. या मार्गाच्या भक्तांनीं किल्ल्यांच्या सह्यांचे मेळावे भरविले. माणसें रांगेनें उभीं राहत, एकमेकांचे पासपोर्ट पाहत, कागदावर छापलेला किल्लीचा ठसा ताडून बघत आणि घरीं जाऊन सह्या करीत. १९९७ सालीं जर्मनींत वेर्नर कॉख यांनीं याच पद्धतीचा, सर्वांस मोकळा असा ग्नू-पी. जी. नांवाचा प्रोग्रॅम हातीं घेतला आणि पुढें तोच जगभर पसरला. हें जाळें विणणारे लोक मोठे निष्ठावान् होते. परंतु घरांतल्या माणसांस टपाल पाठविणाऱ्या सामान्य गृहस्थास पासपोर्ट घेऊन मेळाव्यास जा असें सांगणें म्हणजे पोस्टकार्ड टाकण्यापूर्वीं नोटरी गांठ असें सांगण्यासारखें होतें.

सामान्य मनुष्यास हें साधन कितपत पेलतें, याची परीक्षा १९९९ सालीं अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनीं घेतली. बारा माणसांस त्यांनीं पी. जी. पी.ची पांचवी आवृत्ति आणि दीड तास दिला, आणि सही करून गुप्त पत्र पाठविण्यास सांगितलें. बारांपैकीं चौघांनाच तें साधलें. तिघांनीं तर गुप्त ठेवावयाचा मजकूर उघडाच पाठवून दिला. माणसें मूर्ख नव्हतीं, त्यांना ई-मेलची संवय होती. घोटाळा चित्रांचा आणि शब्दांचा होता. सहीसाठीं पडद्यावर पिसाच्या लेखणीचें चित्र होतें. लेखणी पाहून सही आठवते खरी, परंतु त्या सहीसाठीं किल्ली लागते, आणि तीहि खासगी लागते, हें लेखणीवरून कोणास कसें उमगावें?

इकडे वरून नेमलेल्या अधिकाऱ्यांचीहि परीक्षा होत होती. जानेवारी २००१ मध्यें व्हेरिसाइन या मोठ्या प्रमाणक संस्थेनें, आपण मायक्रोसॉफ्टचे नोकर आहोंत असें सांगणाऱ्या कोणा परक्या मनुष्यास मायक्रोसॉफ्टच्या नांवाचीं दोन प्रमाणपत्रें देऊन टाकलीं. तीं ई-मेलसाठीं नव्हतीं, प्रोग्रॅमवर सही करण्यासाठीं होतीं. पण तोतयानें प्रत्यक्ष कचेरींतूनच शिक्का मिळविला, ही गोष्ट सारखीच. २०११ सालीं नेदरलंड्समधील डिजिनोटार या संस्थेंत चोर शिरले आणि त्यांनीं पांचशेंहून अधिक खोटीं प्रमाणपत्रें काढलीं. त्यांतलें गूगलच्या नांवाचें एक इराणमधील लोकांचें टपाल वाचण्यासाठीं वापरलें गेलें. त्याच वर्षीं त्या संस्थेचें दिवाळें वाजलें. त्या देशाच्या सरकारचे कित्येक कारभार याच संस्थेच्या प्रमाणपत्रांवर चालत होते.

भारतांत ही सही कायद्यानें आली. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलांत आला; त्यानें डिजिटल सहीला हातच्या सहीची योग्यता दिली आणि प्रमाणक संस्थांना परवाने देणारा एक नियंत्रक नेमला. या व्यवस्थेचें मूळ त्या नियंत्रकाच्या किल्लीशीं आहे. तींतून परवानाधारक संस्थांचे फांटे फुटतात. जुलै २०१४ मध्यें त्यांतल्या एका फांट्यांतून, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किल्लीनें, गूगलच्या नांवाचीं अनधिकृत प्रमाणपत्रें निघाल्याचें गूगलच्या नजरेस आलें. नियंत्रकानें त्या केंद्राचीं प्रमाणपत्रें दुसऱ्याच दिवशीं रद्द केलीं. महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांचा या सहीशीं पहिला परिचय झाला तो पत्रांतून नव्हे, तर २०१८ पासून मिळूं लागलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावरून, किंवा आधारच्या छापील प्रतीवरून. तो कागद संगणकावर उघडला कीं सहीच्या जागीं पिंवळें प्रश्नचिन्ह दिसतें. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या मूळ किल्लीवर ती उभी आहे ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ओळखीची नाहीं, इतकाच. मग वाचणारानें चार ठिकाणीं बटण दाबून ती मूळ किल्ली 'विश्वासू' म्हणून नोंदवावयाची. तेव्हां प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. हें बटण दाबतांना मनुष्यानें काय तपासलें? बहुधा कांहींच नाहीं. सूचनापत्रकांत दाबा म्हणून लिहिलें होतें. सहीची पारख यंत्रानें केली, परंतु यंत्रास विश्वास मात्र माणसानें न पाहतां उसना दिला.

विश्वासाचें जाळेंहि फार दिवस टिकलें नाहीं. किल्ल्या आणि त्यांवरच्या सह्या ठेवण्यासाठीं जगभर कांहीं जाहीर कोठारें होतीं. सरकारांच्या दडपणानें कोणाचें नांव त्यांतून पुसलें जाऊं नये म्हणून तीं अशीं बांधलीं होतीं, कीं त्यांत घातलेलें कांहींच कधीं काढतां येत नसे. जून २०१९ मध्यें कोणीतरी या पद्धतीच्याच दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या किल्ल्यांवर हजारों निरर्थक सह्या ओतल्या. ज्याच्या संगणकानें ती किल्ली मागविली त्याचा प्रोग्रॅम त्या ओझ्याखालीं बसला. आणि कोठारांतून तो कचरा काढण्याची सोय नव्हती. पुढच्याच महिन्यांत ग्नू-पी. जी.नें, कोठारांतून आलेल्या किल्लीवरच्या इतरांच्या सह्या विचारांत घेऊं नयेत, असा पायंडा घातला. ज्या सह्यांवर जाळें विणलें होतें त्याच न पाहण्याचें ठरलें. सरकारांपासून वांचविण्यासाठीं घातलेला पहारा अखेर एका टवाळखोराच्या उपयोगी पडला, हें या कथेंतलें सर्वांत कडू पान आहे.

इतकें सारें खरें धरलें, किल्ली ओळखीची आहे, प्रमाणपत्र सच्चें आहे असें मानलें, तरी एक जागा उरते. वाचणारा गणित पाहत नाहीं, तो पडद्यावरची एक खूण पाहतो. ती खूण उमटविणारा टपालाचा प्रोग्रॅम असतो, आणि सही तपासणारा प्रोग्रॅम पुष्कळदां निराळा असतो. दोघांमध्यें निरोप चालतो. जून २०१८ मध्यें मार्कुस ब्रिंकमन यांनीं दाखविलें, कीं पत्रांत दडविलेल्या फाइलीच्या नांवांतच 'सही तपासली, बरोबर आहे' अशा अर्थाच्या ओळी लिहिल्या तर कांहीं टपाल-प्रोग्रॅम त्या ओळी तपासनिसाचाच निकाल समजून हिरवी खूण दाखवीत. म्हणजे अर्जदारानेंच अर्जावर कारकुनाचा शेरा लिहून आणावा आणि कारकुनानें तो आपलाच समजावा, असें झालें! गणिताला कोणी हात लावला नव्हता. ही फट कित्येक वर्षें कोणाच्या ध्यानांत आली नव्हती. ध्यानांत आल्यावर ती लागलीच बुजविली गेली. पुढच्या वर्षीं त्यांनीं आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनीं प्रचारांतले टपाल-प्रोग्रॅम ओळीनें तपासले. पी. जी. पी.च्या पद्धतीचे २० पैकीं १४ आणि एस्-माइमचे २२ पैकीं १५ प्रोग्रॅम एका ना एका युक्तीला फसले. एका युक्तींत खरी सही असलेला जुना मजकूर पत्रांत कोठेंतरी लपवून ठेवावयाचा, आणि दर्शनीं भागीं भलतेंच लिहावयाचें. दुसरींत सही एका किल्लीची आणि 'प्रेषक' म्हणून नांव दुसऱ्याचें. कारण सही सामान्यतः आंतल्या मजकुरावर असते, पाकिटावरच्या नांवावर नसते, आणि दोन्ही ताडून पाहण्याचें काम प्रोग्रॅमनें करावयाचें असतें. तिसरी तर अगदीं पोरखेळ: पत्राच्या मजकुरांतच हिरव्या खुणेचें हुबेहूब चित्र काढून द्यावयाचें.

दरम्यान सामान्य टपालाची सही लेखकाच्या हातून निघून टपालकचेरीकडे गेली. २००४ सालीं याहू कंपनीनें आणि त्यानंतर इतरांनीं मिळून अशी रीति बसविली, कीं पत्र जेथून निघालें त्या संस्थेच्या संगणकानें त्यावर आपली सही करावी. २००७ सालीं तिचा नियम ठरला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू हे ठोक पत्रें पाठविणारांकडून ही सही मागतात. वाचणारास तिची खबरहि नसते. तपासणी पडद्यामागें होते आणि नापास झालेलें पत्र बहुधा कचऱ्याच्या पेटींत पडतें. ही सही बँकेच्या नांवाचें पत्र बँकेच्या संगणकावरून निघालें एवढें सांगते. तें बँकेंतल्या कोणत्या मनुष्यानें लिहिलें हें सांगत नाहीं. तिचा एक परिणाम मात्र कोणी योजिला नव्हता. २०१६ सालीं अमेरिकेंतील अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं एका पक्षाच्या प्रचारप्रमुखाचीं चोरलेलीं पत्रें प्रसिद्ध झालीं, आणि त्यांत फेरफार केल्याचा संशय बोलला जाऊं लागला. तेव्हां तिऱ्हाइतांनीं त्या पत्रांवरच्या संगणकी सह्या तपासल्या, आणि पुष्कळांचा मजकूर जसाच्या तसा असल्याचें ठरलें. पत्र पाठवितांना लेखकानें सही केली नव्हती, करण्याचा त्याचा मानसहि नव्हता. टपालवाल्यानें केलेली सही त्याच्याविरुद्ध साक्षीस उभी राहिली.

ज्यांस अद्याप स्वतःची सही स्वतःच करावयाची आणि दुसऱ्याची स्वतःच पारखावयाची आहे, त्यांच्यासाठीं २०२० सालीं थंडरबर्डच्या ७८ व्या आवृत्तींत पी. जी. पी.ची पद्धति प्रोग्रॅमच्या आंतच बसविली गेली; तोंवर त्यासाठीं निराळें जोडकाम लागे. या वेळीं विश्वासाच्या जाळ्यास फांटा देण्यांत आला आहे. प्रोग्रॅम कोणाच्या शब्दावर विसंबत नाहीं, तो वाचणारासच विचारतो. एखाद्याची किल्ली प्रथम आली कीं तिच्यापुढें चार उत्तरें ठेवलेलीं असतात: ही किल्ली नाकारतों, अद्याप ठरवीत नाहीं, स्वीकारतों, पण तपासलेली नाहीं, आणि स्वीकारतों, ठसा स्वतः ताडून पाहिला आहे. शेवटचीं दोन उत्तरें दिसावयास जवळजवळ आहेत. त्यांच्यांतलें अंतर म्हणजेच तोतयाचें प्रकरण. तिसऱ्या उत्तरावर सही ठीक असल्याची खूण मिळते, चौथ्यावर ओळख पटल्याचीहि मिळते. आणि दोहोंपैकीं कोणतें दाबलें गेलें हें प्रोग्रॅमवांचून कोणास कळत नाहीं. ताडून पाहावयाचा ठसा जुन्या पद्धतीच्या किल्लीचा ४० अक्षरांचा आहे, पडद्यावर तो चार-चार अक्षरांचे दहा गट करून दाखविलेला असतो. तो टेलिफोनवर वाचून दाखवावयाचा, आणि पलीकडचा आवाज ओळखीचा आहे ना, हें ऐकणारानें पाहावयाचें.